परवडेल की नाही ते आम्ही बघू, आधी चाचणी करा

प्रति,
निमंत्रक, नॅशनल कॅन्सर ग्रिड (टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणारे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचे जाळे), मुंबई
आणि ग्रिडमधील रुग्णालयांचे कर्करोग व पॅथॉलॉजी विभाग यांस

स.न.वि.वि.

अंडाशयाच्या कॅन्सरवर कार्बोप्लॅटिन हे केमोचे औषध चालेनासे झाले की ओपीडीत घरच्यांना काय सांगितले जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आधी ‘दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल देऊन बघू’. मग ‘लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आहे’. मग डॉक्टर फाईल मिटतात आणि म्हणतात, ‘घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ द्या.’ या सगळ्याच्या अधेमधे कुठेतरी आणखी एक वाक्य आता यायला हवे: ‘ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक आणा, त्यावर फोलेट रिसेप्टरची चाचणी करू.’ ते माझ्या कानावर येत नाही, म्हणून हे पत्र. (ब्लॉक म्हणजे त्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, आणि फोलेट रिसेप्टर म्हणजे गाठीच्या पेशींवरचे एक प्रथिन. ते भरपूर असेल तरच एक नवे औषध लागू पडते.)

मी डॉक्टर नाही. बार्शीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. थोरल्या बहिणीचे, अक्काचे, आजारपण मी काढले. ती गेली. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बायका आपापल्या फायली घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या, कारण मला इंग्रजी रिपोर्ट वाचता येतात आणि परळला टाटा हॉस्पिटलात कुठल्या खिडकीवर कधी उभे राहायचे ते माहीत आहे. बार्शीला कॅन्सर नवा नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली इथेच सुरू झाली, नर्गिस दत्त रुग्णालयही इथेच आहे. तेव्हा ‘खेड्यातल्या लोकांना हे सांगून काय कळणार’ ही सबब निदान आमच्या तालुक्याला तरी लावू नये.

ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या 2022च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 47 हजार बायकांना अंडाशयाचा कॅन्सर होतो आणि जवळपास 33 हजार जणी त्याने जातात. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर बायकांमध्ये याचाच नंबर. पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, सारखे लघवीला जावे लागते. बाई ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहते आणि सोनोग्राफी होईपर्यंत पोटात पाणी झालेले असते. बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येतात. ऑपरेशन होते, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या सायकली होतात, रक्तातला सीए-125 हा आजाराचा आकडा खाली येतो, केस परत उगवतात, घरात सत्यनारायण होतो. आणि मग आकडा पुन्हा चढू लागतो. केमो संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला, तर तो प्लॅटिनमला, म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांना, दाद देत नाही असे धरतात. तिथून पुढच्या जुन्या केमोंचा गुण फार थोड्या जणींना येतो.

याच टप्प्यासाठी एक औषध आलेले आहे. मिर्व्हेटक्सिमॅब सोरॅव्हटॅन्सिन, बाजारातले नाव एलाहीर. हे अँटिबॉडी-ड्रग कॉन्ज्युगेट, म्हणजे आपल्या बोलीत एडीसी. मी फायली घेऊन येणाऱ्या बायकांना ते असे सांगते: पार्सल आहे, त्यावर पत्ता लिहिलेला आहे आणि आत जहाल औषध आहे. पत्ता म्हणजे अँटिबॉडी. अंडाशयाच्या अनेक गाठींच्या पेशींवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचे प्रथिन भरपूर असते, निरोगी पेशींवर ते फारसे नसते. अँटिबॉडी त्याला जाऊन चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते, आत गेल्यावर जोडणीचा दुवा तुटतो आणि डीएम-4 नावाचे विष मोकळे होते. पेशीच्या आतल्या ज्या सूक्ष्मनलिकांच्या आधाराने पेशी दुभागते, त्या नलिकाच ते उभ्या राहू देत नाही. हे विष उघडे शिरेतून द्यावे इतके सौम्य नाही, म्हणून त्याला पत्ता लागतो. थोडे विष शेजारच्या पेशींपर्यंतही झिरपते. गाठीतल्या सगळ्याच पेशींवर ते प्रथिन नसते, त्यामुळे इथे ते झिरपणे उपयोगी पडते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2022मध्ये याला तात्पुरती मान्यता दिली आणि 22 मार्च 2024 रोजी पूर्ण. पूर्ण मान्यता मिळाली ती मिरासोल नावाच्या चाचणीवर. तिच्यात 453 बायका होत्या, सगळ्यांचा आजार प्लॅटिनमला न जुमानणारा, सगळ्यांच्या गाठीवर ते प्रथिन भरपूर. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना डॉक्टरांनी निवडलेली नेहमीची केमो. गाठ ठरलेल्या मापाने आक्रसली अशा बायका नव्या औषधावर 42 टक्के, केमोवर 16 टक्के. मध्यम आयुर्मान (निम्म्या जणी याहून जास्त जगल्या, निम्म्या कमी) 16.46 महिने विरुद्ध 12.75 महिने. गंभीर दुष्परिणाम केमोच्या गटात 54 टक्के जणींना झाले, नव्या औषधावर 42 टक्के जणींना. या आजाराच्या या टप्प्यावर आयुष्य वाढल्याचे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तोवर कुठल्याच नव्या औषधाने दाखवले नव्हते.

पावणेचार महिने. हा आकडा मी लपवत नाही, कारण ज्यांना मी हे सांगते त्यांच्यापासूनही लपवत नाही. हे औषध आजार मुळापासून काढत नाही.

आता माझा खरा मुद्दा. हे औषध सगळ्यांसाठी नाहीच. गाठीच्या निदान 75 टक्के पेशींच्या कडेला मध्यम किंवा गडद रंग उमटला, तरच बाई त्याला पात्र ठरते. अशा बायका शंभरात साधारण 35 ते 40. उरलेल्या साठ-पासष्ट जणींसाठी ते नाही, मग त्यांच्याकडे कितीही पैसा असो. आणि हे कळायला नवीन सुई टोचावी लागत नाही, जुन्या ऑपरेशनच्या वेळचा मेणाचा ब्लॉक चालतो.

आपल्याकडे होते ते नेमके उलटे. डॉक्टर मनातल्या मनात हिशेब करतात, या माणसांना परवडणार नाही असे ठरवतात आणि औषधाचे नाव काढत नाहीत. त्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. नाव सांगून माणसांना कर्जात का लोटायचे? पण नाव गुप्त राहत नाही. अमेरिकेत असलेला भाचा व्हॉट्सॲपवर पाठवतो, कुणाचा तरी जावई मुंबईतल्या दलालाचा नंबर आणतो, आणि मग चाचणी न करताच धावपळ सुरू होते. आमच्या भागातल्या एका कुटुंबाने दोन एकरांचा इसार घेऊन ठेवला होता. ब्लॉक तपासायचा असतो हे त्यांना कुणीही सांगितलेले नव्हते. मी सांगितले, त्यांनी तपासून आणला, प्रथिन जवळजवळ नव्हतेच. इसार परत केला. त्या दिवशी त्या बाईच्या मुलाच्या चेहऱ्यावर दुःख होते आणि सुटकाही होती, दोन्ही एकदम. चाचणीचा ‘नाही’ हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. तो वेळेवर मिळाला तर बाकीच्या साठ जणींची घरे वाचतात. परवडत नाही म्हणून चाचणी नको, या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. चाचणी महाग असली तरी औषधाच्या एका कुपीच्या जवळपासही जात नाही.

चाचणी म्हणजे रंग देऊन स्लाइड बघितली, संपले, असेही नाही. हे आपल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींना सांगायला मी कोण, पण या औषधाची गोष्टच तशी आहे. 2019मध्ये हेच औषध फॉरवर्ड-1 नावाच्या चाचणीत नापास झाले होते. त्या वेळी स्लाइड वाचायची एक सोपी रीत घेतली होती, तिच्यात रंग किती गडद आहे याकडे नीट बघितले जात नव्हते, आणि ज्यांच्या गाठीवर ते प्रथिन कमी अशा बायकाही ‘भरपूर’ म्हणून आत आल्या. त्याच स्लाइड जुन्या काटेकोर रीतीने परत वाचल्या तेव्हा खरोखर भरपूर असलेल्यांमध्ये फायद्याची खूण दिसली. पुढची चाचणी मग त्या रीतीवर आखली आणि औषध पास झाले. म्हणजे सोलापूरच्या लॅबने एक वाचले आणि मुंबईच्या लॅबने दुसरे, तर एखादीला मिळायचे ते मिळणार नाही आणि दुसरीचे घर उगाच बसेल. प्रयोगशाळांच्या कामाची बाहेरून तपासणी ग्रिड करतेच. ही चाचणी तिच्यात घ्या. ती कुठल्या केंद्रांत होते, नमुना कसा पाठवायचा, किती दिवसांत उत्तर येते, याची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा.

आणि ब्लॉकचे काय? ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा तुकडा, मध्ये तांबूस-पांढुरका ठिपका, कडेला पेन्सिलीने नंबर. बाईच्या आजाराची अख्खी ओळख त्या ठिपक्यात असते आणि तिला तो कधी दाखवतही नाहीत. अक्काचे ऑपरेशन जिथे झाले, तिथे दुसऱ्यांदा आजार उलटल्यावर मी ब्लॉक मागायला गेले. रजिस्टरमध्ये नंबर होता, कपाटात ब्लॉक नव्हता. ‘लॅब बदलली त्या वेळी इकडे-तिकडे झाला असेल,’ असे एका मुलाने सांगितले, आणि तेही चहा पिता पिता. त्याचा राग नाही, त्याला त्या ठिपक्याची किंमत कुणी शिकवलीच नव्हती. आमच्याकडे रिवाज असा की ऑपरेशन एका गावात, केमो दुसऱ्या गावात, आणि मोठा निर्णय मुंबईत. फाईल बाईबरोबर फिरते, ब्लॉक मागे राहतो. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते लिहितात, तसा ब्लॉकचा नंबर आणि तो कुठे ठेवला आहे हे लिहायला एक ओळ लागते. ग्रिडमध्ये 300च्या वर रुग्णालये आहेत. तुम्ही एक परिपत्रक काढलेत तर ती ओळ येईल.

ही चाचणी कधी करायची, हेही ठरवून टाका. मिरासोलमध्ये आधी एक ते तीन वेळा औषधोपचार झालेल्याच बायका घेतल्या होत्या. सगळे संपल्यावर, पाचव्या केमोनंतर, पोटातले पाणी दर आठवड्याला काढावे लागत असताना चाचणीचे नाव काढले तर ती कोणाच्या उपयोगाची? पहिल्यांदा आजार उलटला की त्याच आठवड्यात ब्लॉक मागवा. सोबत हर-2 हे दुसरे प्रथिनही बघा. ती चाचणी स्तनाच्या कॅन्सरसाठी मोठ्या लॅबमध्ये रोज होते. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे दुसरे एडीसी अमेरिकेने एप्रिल 2024मध्ये हर-2 तीन प्लस, म्हणजे भरपूर, असलेल्या कुठल्याही अवयवाच्या, आधीचे उपचार थकलेल्या गाठींसाठी मान्य केले. अंडाशयाच्या गाठींत तीन प्लस थोड्याच असतात, पण ज्या थोड्या असतील त्यांना कळू तरी द्या. याच औषधावरचे सीमाशुल्क केंद्राने जुलै 2024च्या अर्थसंकल्पात काढून टाकले.

पैशाचे बोलते. एलाहीर बाजारात आले तेव्हा 100 मिलिग्रॅमच्या एका कुपीची अमेरिकेतली जाहीर किंमत सहा हजार डॉलरच्या वर होती. डोस किलोमागे 6 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. पन्नास किलोच्या बाईला तीन कुप्या, म्हणजे एका खेपेला पंधरा लाख रुपये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अख्ख्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख मिळतात. हा हिशेब मांडल्यावर कुणीही गप्प बसेल, हे मला कळते. डॉक्टर गप्प का बसतात तेही यातून कळते.

पण किंमत ही काही आभाळातून पडत नाही, आणि ती खाली आणायची कशी हे तुमच्याइतके देशात कुणाला येत नाही. 23 रुग्णालयांची मागणी एकत्र करून 40 औषधे तुम्ही घेतलीत आणि त्यात 1,320 कोटी रुपये वाचवलेत. एकेकट्या रुग्णालयाला जो दर कंपनी देत नाही, तो ग्रिडला द्यावा लागतो. एडीसी हे आपल्याकडे बनणार नाही इतके अवघड प्रकरण आहे, असेही आता म्हणता येत नाही. अहमदाबादच्या झायडसने 2021मध्ये ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या एडीसीची आपली आवृत्ती उज्विरा नावाने आणली, मूळ औषधापेक्षा सुमारे 80 टक्के कमी दरात. त्या औषधातले विष डीएम-1, एलाहीरमधले डीएम-4. दोन्ही मेटॅन्साइनच्या एकाच घराण्यातली. स्तनाच्या कॅन्सरला जे जमले ते अंडाशयाला कधीच जमणार नाही असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. पण कंपनी मागणी बघते. मागणी किती आहे हे सांगायला देशात किती बायकांच्या गाठीवर हे प्रथिन आहे तो आकडा लागेल, आणि तो आकडा चाचण्या केल्याशिवाय कुठून येणार? म्हणून पुन्हा तिथेच येते. तुमच्या 300 रुग्णालयांनी दोन वर्षे ब्लॉक तपासले तर वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायला तुमच्याकडे कागद असेल. औषध परवडायला लागल्यावर चाचणी सुरू करू म्हणालात, तर ते परवडायला लागणारच नाही.

केंद्राच्या औषध नियंत्रकांनी ऑगस्ट 2024मध्ये एक आदेश काढला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोपीय संघ यांनी मान्य केलेल्या आणि सध्याच्या उपचारांहून लक्षणीय पुढे असलेल्या औषधांना इथल्या चाचणीतून सूट मिळू शकते, असे त्यात आहे. हे दार उघडे आहे. कुठल्या औषधासाठी ते वापरायचे, याचा आग्रह धरणाऱ्यांत टाटा मेमोरियलचा आवाज असेल तर तो दिल्लीला ऐकू जातो. आमचा जात नाही.

एक गोष्ट डॉक्टरांच्या लेखांत तळटीपेत जाते आणि आमच्याकडे ती घरातली मोठी अडचण होईल, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. या औषधाचा मोठा त्रास डोळ्यांना आहे. बुबुळाच्या वरच्या थरावर परिणाम होतो, दिसणे धूसर होते. बहुतेकांचे ते डोस पुढे ढकलून किंवा कमी करून निवळते, पण अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा आहे. पहिल्या डोसाआधी डोळे तपासायचे, मग पहिल्या आठ सायकलींत एकाआड एक सायकलीला तपासायचे. स्टेरॉइडचे थेंब डोसाच्या आदल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत रोज सहा वेळा, मग आठव्या दिवसापर्यंत रोज चार वेळा, शिवाय डोळे ओले ठेवायचे थेंब वेगळे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईला हे सांगून बघा. तिचे पोट नजरेवर आणि बोटांवर चालते. दिवसातून सहा वेळा थेंब तिला कोण घालणार? घड्याळ कोण बघणार? नेत्रतज्ज्ञ बार्शीत सापडतो, पण हे औषध काय करते ते त्याला माहीत असायला हवे, नाहीतर तो ‘मोतीबिंदू पिकू द्या’ म्हणून परत पाठवेल. केमोचा दिवस आणि डोळे तपासायचा दिवस एकच ठेवा, एकाच आवारात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खाट मिळाली म्हणून मुंबईत राहणाऱ्या माणसाला परळहून आणखी कुठल्या तरी रुग्णालयात वेगळी तारीख घेऊन जायला सांगणे म्हणजे ते होणार नाही, असेच समजा. थेंबांचा तक्ता मराठीत छापा, मोठ्या अक्षरांत, चित्रांसकट.

कुणी विचारील, एवढा खटाटोप पावणेचार महिन्यांसाठी? मला विचाराल तर या भावाने कुणी जमीन विकू नये, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना मी तसे स्पष्ट सांगते. काही जण माझ्यावर चिडतातही. पण ते माझे मत झाले. तो निर्णय ज्या घराचा आहे त्या घराला घेऊ द्या, आणि घ्यायला हातात कागद द्या. आज होते काय, तर निर्णय ओपीडीतल्या पाच मिनिटांत दुसराच कोणी घेऊन टाकतो आणि बाईला कळतही नाही की निर्णय झाला. गरीब माणसाला औषध परवडत नाही हे समजू शकते. त्याला माहितीही परवडत नाही, हे कुणी ठरवले?

तुमच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आवश्यक, इष्टतम आणि ऐच्छिक अशा पायऱ्या असतात. औषध खुशाल ऐच्छिकमध्ये ठेवा, त्यावर माझे भांडण नाही. चाचणी आवश्यकमध्ये घ्या. ब्लॉकची ओळ डिस्चार्ज कार्डावर आणा. आणि एडीसीच्या पुढच्या चाचण्या देशात कुठे सुरू आहेत, त्यांत बाई कशी शिरू शकते, हे तुमच्या संकेतस्थळावर मराठीत आणि हिंदीत टाका, कारण फुकट औषध मिळायचा बहुतेकींना तोच एक रस्ता आहे आणि तो आज फक्त ओळखीवाल्यांना सापडतो.

यातले काय होऊ शकेल आणि काय नाही, ते कृपया जाहीरपणे कळवावे. ‘नाही’ असेल तर तसेच लिहावे, कारणासह; आम्हांला ते चालते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका रुग्णाची बहीण
बार्शी, जि. सोलापूर